आरोपी सेव्हरस स्नेप हाजीर हो!

संगीत खुर्ची, पाककृती स्पर्धा आणि फॅन्सी ड्रेस डोंबिवलीत गल्लीगणिक असतात. आमच्या सोसायटीच्या गणपतीची मिजास होती ती अभिरूप न्यायालयाची. शनिवारी रात्रीची आरती झाली, खिरापत वाटून झाली की पार्किंगमधल्या मांडवात कोर्ट उभं राहायचं. त्यासाठी शेजारच्या सोसायट्यांमधूनही माणसं खुर्च्या घेऊन यायची. कपडे वाळत घालायचा स्टँड उभा केला की झाला आरोपीचा पिंजरा. न्यायाधीशांच्या हातोड्याच्या जागी खलबत्त्यातला बत्ता. साक्षीदाराने शपथ घ्यायची ती वर्गणीच्या पावतीपुस्तकावर हात ठेवून, कारण खजिनदारांच्या मते सोसायटीत सगळे घाबरतात असं तेवढं एकच पुस्तक होतं.

न्यायाधीश कायम वकीलकाकाच. तळमजल्यावर राहायचे आणि कल्याण कोर्टात फौजदारी वकिली करायचे. घरात मऊ माणूस, पण त्या खुर्चीत बसले की कोणाची गय नाही. एकदा सरकारी वकील झालेल्या पाटीलवहिनींनी कैकेयीला ‘सवतीमत्सराने पेटलेली बाई’ म्हटलं, तर काकांनी बत्ता आपटून विचारलं, “पेटली होती याला पुरावा काय? वर दशरथाने दिले होते, ते तिने मागितले. पुढे बोला.” मांडव पाच मिनिटं हसत होता.

आरोपी बहुतेक रामायण-महाभारतातले. कैकेयी झाली, द्यूतसभेत गप्प बसलेले भीष्म झाले, कर्ण तर दोनदा झाला, कारण पहिल्या निकालानंतर दोन मजल्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. या सगळ्यांनी काय केलं ते आधीच ठाऊक असायचं, वाद चालायचा तो का केलं यावर. तरी तिथेही आधाराला काहीतरी असायचंच. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिर आशीर्वाद मागायला जातो, तेव्हा भीष्म स्वतःच सांगतात की माणूस अर्थाचा दास असतो आणि कौरवांनी मला अर्थाने बांधून ठेवलंय. म्हणजे आरोपीचा जबाबच ग्रंथात आहे. पटवून घ्यायचा की नाही, एवढाच प्रश्न.

२००६ साली मात्र असा आरोपी उभा राहिला की ज्याचा जबाब अजून लिहूनच व्हायचा होता.

हॅरी पॉटरचं सहावं पुस्तक १६ जुलै २००५ला आलं. दहाच दिवसांनी २६ जुलैचा तो पाऊस झाला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. लोकल बंद, वीज गेलेली, कॉलेजं बंद. आमच्या जिन्यात त्या पुस्तकाची एकच प्रत होती, चौथ्या मजल्यावरच्या ताईची. ती मेणबत्तीपाशी वाचली गेली आणि मग मजल्यामजल्याने खाली उतरत आली. गणपती बसेपर्यंत तिच्या पुठ्ठ्याचा कोपरा सुटला होता आणि आम्हा कॉलेजातल्या पोरांत दोन तट पडले होते.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्नेप हा हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतला मास्तर. तेलकट केसांचा, कुजकट जिभेचा, हॅरीचा पहिल्या दिवसापासून दुस्वास करणारा. पूर्वी व्होल्डेमॉर्ट या दुष्ट जादूगाराच्या टोळीत होता, नंतर मुख्याध्यापक डम्बलडोरच्या बाजूला आला. म्हणजे तसं डम्बलडोर म्हणतो. त्याच्यावर भरवसा का, असं वारंवार कोणीतरी विचारतं आणि डम्बलडोर प्रत्येक वेळी ‘माझा आहे’ एवढ्यावर विषय मिटवतो. आणि सहाव्या पुस्तकाच्या शेवटी, मनोऱ्यावर, हतबल झालेला, निःशस्त्र डम्बलडोर त्याच्याकडे बघून “सेव्हरस… प्लीज…” म्हणतो आणि स्नेप त्याला ठार मारतो. पुस्तक संपतं. पुढचं यायला दोन वर्षं.

२००६च्या गणपतीआधीच्या मीटिंगमध्ये आम्ही स्नेपचं नाव सुचवलं, तेव्हा समितीत गदारोळ झाला. इंग्रजी पुस्तकातला जादूगार, आणि तो बाप्पासमोर? शेवटी माई म्हणाल्या, “अगोदर गोष्ट तरी ऐका.” माई म्हणजे सोसायटीतलं सगळ्यात मोठं माणूस, त्यांच्यापुढे अध्यक्षही उठून उभे राहत. ताईने सगळी गोष्ट सांगितली. माईंनी मान डोलावत ऐकली आणि म्हणाल्या, “म्हणजे हा शकुनी आहे की विदुर, तेच कळत नाहीये. मग घाला की पिंजऱ्यात.” त्यांच्या डोक्यातला शकुनी व्यासांच्या महाभारतातला नव्हता. लोककथेतला, बापाच्या हाडांचे फासे करून कौरवांचं घर आतून पोखरणारा होता. पण आमची अडचण त्यांना एका वाक्यात कळली होती. खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा नीट कळली होती.

स्नेप झाला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणारा बी विंगमधला दादा. काकांचा जुना काळा कोट, आणि केसांना इतकं खोबरेल तेल की घरी गेल्यावर वहिनींनी त्याला उशीवर डोकं टेकू दिलं नाही. मी बचाव पक्षात होतो. सरकारी वकील ताई. तिने पहिल्याच फेरीत आम्हाला भिंतीला टेकवलं.

तिचा मुद्दा साधा होता. डम्बलडोरला मारायचं काम व्होल्डेमॉर्टने शाळेतल्याच एका मुलावर सोपवलं होतं. त्याच्या आईला, नार्सिसा मालफॉयला, स्नेपने मोडता न येणारं वचन दिलं होतं, मोडलं तर मरणच. तिच्या मुलावर लक्ष ठेवीन, त्याला जपेन आणि त्याला जमलं नाही तर ते काम मी करीन. स्वतःच्या घरात, राजीखुशीने, हातात हात देऊन. आम्ही म्हणालो, तिसऱ्या कलमाला त्याचा हात थरथरला होता, पुस्तकात लिहिलंय. ती म्हणाली, थरथरला पण सोडवून घेतला नाही, तेही पुस्तकातच लिहिलंय. आम्ही म्हणालो, मग वचन मोडून त्याने स्वतः मरायचं होतं का? यावर खुर्चीतून उत्तर आलं. भारतीय दंड विधानाचं कलम ९४ : जिवाची धमकी हा खुनाच्या आरोपाला बचाव होत नाही. “शिवाय हा स्वतःच्या पायाने त्यात गेलाय,” काका म्हणाले. “बसा खाली.”

मग आमची साक्षीदार उभी राहिली. दहावीतली मुलगी, एरवी मांडवात रांगोळीशिवाय कशात नसायची. तिने पुस्तकातल्या दोन जागा आणल्या होत्या, दोन्हींत बसची तिकिटं घातलेली. पहिली जागा गुहेतली. डम्बलडोरनेच हुकूम केलाय म्हणून हॅरी त्याला ते विषारी पाणी पेल्यामागून पेला पाजतो, म्हातारा गयावया करतो तरी पाजतो, आणि तसं करताना त्याला स्वतःचा द्वेष वाटतो, आपण करतोय त्याची किळस येते. दुसरी जागा मनोऱ्यावरची. मारण्याआधी स्नेपच्या चेहऱ्यावर काय दिसतं? किळस आणि द्वेष. तिने दोन्ही उतारे इंग्रजीतच, थोडे अडखळत वाचले आणि विचारलं, “हॅरीने हे प्रेमापोटी केलं, मग याचा तोच चेहरा दुष्टपणाचा कसा?” मांडवात अर्ध्या लोकांना इंग्रजी नीट कळत नव्हतं, तरी टाळी पडली. ते पुस्तक मी तोवर पुन्हा पुन्हा वाचलं होतं आणि माझ्या नजरेला ते पडलं नव्हतं.

ताई डगमगली नाही. तिने हॅग्रिडला, शाळेच्या धिप्पाड रखवालदाराला, बोलावलं. जंगलाच्या कडेला स्नेप आणि डम्बलडोरचं भांडण हॅग्रिडने ऐकलं होतं, तुम्ही फार गृहीत धरता, मला आता हे करायचं नाही, असं स्नेप म्हणत होता. आधी तिने हे वाक्य हॅरीच्या तोंडी घातलं, तर काकांनी ऐकीव पुरावा म्हणून उडवून लावलं. ज्याने ऐकलं त्यालाच आणा. मग ए विंगच्या सेक्रेटरींना, त्यांच्या देहयष्टीमुळे, हॅग्रिड म्हणून उभं करावं लागलं. त्यांना गोष्टीतलं ओ की ठो माहीत नव्हतं. उलटतपासणीत त्यांनी “मला फक्त पाण्याच्या टाकीबद्दल विचारा” असं सांगितलं, ते नंतर कित्येक वर्षं सोसायटीत म्हणीसारखं वापरलं गेलं.

त्याच ऑगस्टच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लेखिकेचा वाचनाचा कार्यक्रम झाला होता. तिथे प्रेक्षकांतून सलमान रश्दी मुलाला घेऊन उठले आणि त्यांनी हाच प्रश्न विचारला, स्नेप चांगला की वाईट? त्यांचं म्हणणं तो चांगला, म्हणून डम्बलडोरचं मरणही बनाव असणार. लेखिकेने डम्बलडोर खरोखर मेला आहे एवढं पक्कं सांगितलं. ही बातमी आम्ही पुरावा म्हणून दाखल करायला गेलो. काकांनी कागद बाजूला ठेवला. “साक्षीदार न्यूयॉर्कला आहे. इथे फक्त मयत मेलाय एवढं धरतो.” मुंबईत जन्मलेला एवढा मोठा लेखक आमच्याच बाजूने बोलतोय, आणि त्याचा आम्हाला कवडीचा उपयोग नाही!

निकालाआधी काकांनी जे केलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं. दोन तास आम्ही एकच गोष्ट उगाळत होतो, स्नेपच्या मनात काय होतं. काका म्हणाले, “प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार आहे. तो हॅरी पोरगा तिथेच अदृश्य करणाऱ्या झग्याखाली गोठून उभा होता, त्याने सगळं पाहिलं. तेव्हा आरोपीने का मारलं हे सिद्ध व्हायची कोर्टाला गरज नाही. मला मयताबद्दल सांगा. ‘प्लीज’ म्हणाला ना? ही मृत्यूपूर्व जबानी. कशासाठी प्लीज? मारू नको, की मार?”

मांडवात कोणी बोलेना. वर्षभर आम्ही स्नेपचे डोळे, हात, शब्द तपासत होतो. डम्बलडोरला काय हवं होतं, हे आमच्या तटांत कोणीच विचारलं नव्हतं.

“मयत सज्ञान होता?” काकांनी विचारलं. शंभरी ओलांडलेला होता, असं उत्तर गेल्यावर हशा पिकला. “मग कलम ३००, अपवाद पाचवा वाचा. अठरा वर्षांवरचा माणूस स्वतःच्या संमतीने मृत्यू पत्करत असेल, तर तो खून नाही, सदोष मनुष्यवध. आता संमती होती की नव्हती हे ज्या बाईंनी लिहिलंय त्यांनाच ठाऊक. सुनावणी तहकूब. पुढची तारीख, सातवं पुस्तक.” आणि बत्ता. (आता ते दंड विधानही गेलं म्हणा, ३०२चं १०३ झालं. काका असते तर जुनेच आकडे बोलले असते.)

सातवं पुस्तक २१ जुलै २००७ला आलं. त्याआधी अमेरिकेत एका दुकानवाल्यांनी स्नेपवर विश्वास ठेवा आणि स्नेप वाईट माणूस आहे, असे दोन प्रकारचे स्टिकर वाटल्याचं आम्ही वाचलं, आणि आपण जगाच्या फार मागे नाही याचा आनंद झाला. या वेळी जिन्यात तीन प्रती होत्या. तेहेतिसाव्या प्रकरणापाशी मी पोचलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला असेल. शापित अंगठीने डम्बलडोरचा हात जळून त्याचं आयुष्य फार तर वर्षभर उरलं होतं, आणि त्यानेच स्नेपला सांगून ठेवलं होतं की वेळ आली की मला तूच मार. मागितलं होतं ते मरणच. मी पुस्तक तसंच उघडं ठेवून खाली गेलो. काकांच्या घरात दिवा नव्हता, म्हणून परत आलो. सकाळी कळलं की ताई पहाटे सहालाच त्यांच्या दारात जाऊन आली होती.

गणपतीत आरोपीला पुन्हा पिंजऱ्यात उभं केलं, पुन्हा तेल, पुन्हा तोच कोट. सरकार पक्षाने माघार घेतली. काकांनी पाचवा अपवाद मान्य करून निकाल वाचला आणि आम्हाला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती रांगोळीवाली मुलगी उठली. आता अकरावीत होती. गेल्या वर्षीची आमची हुकमी साक्षीदार आरोपीच्या विरोधात बोलू लागली. हॅरीच्या आईवर, लिलीवर याचं प्रेम होतं म्हणून हा फिरला, ठीक. पण व्होल्डेमॉर्टकडे याने जीव मागितला तो फक्त लिलीचा. तिचा नवरा आणि तान्हं पोर गेलं असतं तरी याला चाललं असतं, डम्बलडोरनेच त्याला तोंडावर ‘तुझी किळस येते’ म्हटलंय. आणि नेव्हिलने याचं काय घोडं मारलं होतं? तो पोरगा याला इतका घाबरायचा की त्याची सगळ्यात मोठी भीती म्हणून स्नेपच समोर उभा राहिला. हे कुठल्या प्रेमापोटी?

स्नेप झालेला दादा पिंजऱ्यातूनच म्हणाला, “अगं, मी तर क्लासमध्ये कोणाला ओरडतही नाही.” कोणी ऐकलं नाही. माईंनी विचारलं, “नेव्हिल कोण?” आणि त्यांना सगळं नव्याने सांगण्यात अर्धा तास गेला. सांगून झाल्यावर माई बायकांच्या बाकावरून म्हणाल्या, “एवढं सगळं सोसलं त्याने, मग वर्गातल्या पोराला छळायला कोणी सांगितलं होतं?”

काकांनी घड्याळ पाहिलं. दहानंतर स्पीकर बंद करायचा होता. नेव्हिलची तक्रार त्यांनी स्वतंत्र नोंदवून घेतली आणि पुढच्या वर्षीची तारीख दिली. पुढच्या वर्षी समितीने मंथरेला बोलावलं, नंतर मांडवाची जागा पार्किंगला गेली. नेव्हिलचं प्रकरण अजून प्रलंबित आहे.