नळीखालचा मुकुट

आमच्या घरात बारा बोअरची एक दुनळी बंदूक आहे आणि तिच्याबद्दल एकच वाक्य चार पिढ्या सांगितलं जातंय: "शाहू महाराजांनी पणजोबांना दिली." कधी दिली, कशाबद्दल दिली, असं विचारलं की राधानगरीचं रान, महाराजांची शिकार, पणजोबांनी घातलेला हाकारा असं सगळं निघतं, आणि सांगणारा बदलला की जनावरही बदलतं. काकांकडे अस्वल, आत्याकडे वाघ. यातलं खरं काय ते मला कळायला हवं होतं, म्हणून मी कोल्हापूर गाठलं.

प्रवासाचं सांगायचं तर महामार्गाचं काम अजून सुरूच आहे आणि साताऱ्यापुढं गाडी पळते कमी, थांबते जास्त. अंबाबाईचं दर्शन झालं, मिसळ झाली, तांबडा-पांढरा झाला. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. न्यू पॅलेसमधलं संग्रहालय मात्र मी सावकाश पाहिलं. ती शस्त्रं, तो पेंढा भरलेला वाघ पाहिला की दरबारच्या आयुष्यात शिकार किती मुरलेली होती ते समजतं. आज अभयारण्य असलेलं दाजीपूरचं रान तेव्हा संस्थानाचं शिकारीचं रान होतं. आमच्या घरची गोष्ट घडू शकेल असा काळ तो नक्कीच होता.

पुरालेखागारात माणसं आपुलकीनं बोलली. पण "आमच्या पणजोबांची बंदूक" म्हणून कुठलाही रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, सोडता येत नाही. साल सांगा, खातं सांगा. त्यात जुने कागद मोडीतले. साल मला माहीत असतं तर मी आलेच कशाला असते!

साल मिळालं ते एका बंदूक दुरुस्तीच्या दुकानात. बंदूक आणि परवाना काकांच्या नावावर, म्हणून ते स्वतःच गवसणीत घालून घेऊन आले. दुकान जेमतेम एका खोलीचं, आत तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास. कारागीर सत्तरीचे असतील. काकांनी गवसणी सोडायला घेतली तर म्हणाले, "थांबा पाव्हणं, आदी परवाना दावा." परवान्यावरचा नंबर बंदुकीशी ताडून पाहिला आणि मगच हात लावला. गेल्या निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केली होती, तेव्हाची चिठ्ठी सुतळीनं अजून तशीच बांधलेली होती. तीही त्यांनी न तोडता बाजूला सरकवली. मला हा माणूस तिथंच आवडला.

नळ्यांखालचं लाकूड त्यांनी अंगठ्यानं दाबून अलगद काढलं, खटका फिरवून बंदूक सांध्यात दुमडली आणि जोडनळी दस्त्यापासून वेगळी करून माझ्यासमोर उताणी ठेवली. इतकी वर्षं ही बंदूक मी पाहत आले, पण तिची ही बाजू घरात कुणीच पाहिलेली नव्हती. सांध्यात लाल चिखल साचला होता. खंडेनवमीला आजीनं वाहिलेलं हळद-कुंकू, वर्षानुवर्षांच्या तेलात मुरलेलं. त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं हळूहळू घासलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "हिकडं उजेडात या ताई. ह्यो मुकुट बघा."

मुकुट होता. त्याखाली एकमेकांवर आडवे टाकलेले दोन राजदंड आणि त्यांच्या बेचक्यांत बी, पी, सी ही बारीक अक्षरं. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा शिक्का. १८१३ साली कायद्यानं स्थापन झालेल्या या संस्थेत नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत आणि नळी टिकली तरच हा शिक्का बसे. १९०४ नंतर तिथले शिक्के बदलले, म्हणजे आमची त्याआधीची. शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट, तिच्यात १२ आणि खाली सी. ही खूण सुरू झाली १८८७ ला. ओल्या ब्रशच्या दहा मिनिटांत पणजोबांच्या बंदुकीला जन्मकाळ मिळाला: १८८७ ते १९०४. महाराज गादीवर आले १८९४ ला. माझ्या अंगावर काटा आला.

मग त्यांनी नळ्या बोटावर टांगून लाकडी मुठीनं टिचकी मारली. स्वच्छ, लांबत जाणारा नाद. "जोड शाबूत हाय. मधली पट्टी सुटली असती तर आवाज बद्द आला असता." नळीवर तपकिरी लहरी दिसतात त्या नक्षीच्या नाहीत, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून नळी केली त्याच्या आहेत. असल्या नळ्या काळ्या दारूसाठी केलेल्या. आजच्या काडतुसांतल्या बिनधुराच्या दारूची चाचणी झाल्याचा शिक्का आमच्या बंदुकीवर नाही. "आत्ताचं काडतूस हिच्यात घालायचं न्हाई. कुणीबी सांगू द्या," हे त्यांनी काकांकडून तीनदा वदवून घेतलं.

दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीचं नाव आहे. हे नाव विकणाऱ्याचं. बर्मिंगहॅमचे कारागीर अशा दुकानांसाठी बंदुका करून देत आणि नाव दुकानाचं घालत. या सोसायटीचं १८९० च्या दशकात मुंबईत दुकान होतं. तिच्या शस्त्रविक्रीच्या वह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. नळी, लाकडाखालची लोखंडी पट्टी आणि दस्ता, तिन्हींवर एकच नंबर निघाला. तो घालून मी ग्लासगोला ईमेल केलाय. पहिला खरेदीदार कोल्हापूर दरबार निघतो की रजेवर निघालेला कुणी गोरा अधिकारी, हे त्या वहीत असलं तर कळेल. महाराजांचं नाव निघालं नाही तरी मला चालेल. खरं निघालं पाहिजे.

सगळ्यात जास्त लागलं ते कारागिरांनी जाता जाता सांगितलं ते. वारस येतात, परवान्याच्या कटकटीला कंटाळतात आणि बंदूक जमा करून मोकळे होतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं राहिली, त्यामुळं घरोघरची जुनी दुनळी आधी जाते. जाऊ दे, पण नळ्या उतरवून, शिक्क्यांचे आणि नंबरांचे फोटो काढून मग जाऊ दे! एवढंही कुणी करत नाही, आणि आजोबांची हकिगत त्या लोखंडाबरोबर कायमची जाते. मला याचा राग येतो.

काका आता सत्तरीचे झालेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत सत्तरी गाठलेल्या परवानाधारकाच्या वारसाला परवाना मागता येतो. बंदूक जमा करायची असं काकांनी जवळजवळ ठरवलं होतं. परत येताना गाडीत त्यांनी माझ्या चुलत बहिणीला फोन लावला आणि अर्ज तिच्या नावानं करायचा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मग अस्वल की वाघ ते आधी ठरवा." पुढच्या खेपेला पुरालेखागारात मी १८९४ ते १९०४ चे शिकारखान्याचे, म्हणजे दरबारच्या शिकारीच्या खात्याचे, कागद मागणार आहे, आणि मोडी वाचणारं माणूस सोबत नेणार आहे.