तुम्ही विचारलंत म्हणून: कुंडीतली मिरची तिखट का होत नाही?

भिशीत भेटल्यावर, लग्नाच्या पंगतीत, पुण्याच्या भाचीच्या फोनवर, प्रश्न एकच. "मावशी, रोप मस्त वाढलंय, मिरच्याही भरपूर लागल्यात, पण तिखटच नाहीत. असं का?" आमच्या कोल्हापुरातल्या घराच्या गच्चीवर बारा महिने मिरची असते आणि आमचा खर्डा खाताना पाहुणे घाम पुसत असतात, म्हणून हे विचारणं माझ्याकडे येतं. उत्तर दरवेळी तुकड्यातुकड्यांनी दिलं जातं. आज सगळं एकत्र सांगते.

माझा उलटा प्रश्न ठरलेला: बी कुठलं लावलंत? दहातले बरेच जण सांगतात, भाजीवाल्याकडच्या मिरचीतलं, नाहीतर घरातल्या सुक्या मिरचीतलं. निम्मं उत्तर इथंच मिळतं. घरातली सुकी मिरची पुष्कळदा ब्याडगी असते. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या नावाची ही सुरकुतलेली मिरची रंगासाठीच नावाजलेली, तिखटाला बेताची. कांदा-लसूण चटणी करताना आपण रंगाला ब्याडगी घेतो आणि तिखटाला लवंगी नाहीतर संकेश्वरी, ते उगाच नाही. ब्याडगीचं बी लावून लवंगीची धार मागायची, हे त्या झाडावर अन्याय करणारं आहे. भाजीवाल्याकडची हिरवी मिरची तर बहुतेक संकरित वाणाची असते. तिच्या बियांतून उगवणारी रोपं एकसारखी निघत नाहीत. एक झाड तिखट, शेजारचं सपक, असं होऊ शकतं.

म्हणून आधी वाण निवडा. घरासाठी माझी पहिली पसंती लवंगीला. बुटकं, पसरट झाड, आभाळाकडे तोंड करून लागणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या, आणि एका झाडावर चार माणसांच्या घराची फोडणी भागते. लांब मिरची हवी असेल तर ज्वाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा ज्वाला हा जुना, भरवशाचा वाण आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योतीही चांगली, तिला मिरच्या झुपक्यांनी लागतात. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्यांनी दापोलीच्या विद्यापीठाची कोंकण कीर्ती लावून बघावी.

आता दुसरी शंका, जी मला अगदी खात्रीच्या सुरात सांगितली जाते: "शेजारच्या कुंडीत सिमला मिरची होती ना, म्हणून आमची तिखट मिरची गोडी झाली." असं होत नाही. तिखटपणा ज्यामुळे येतो ते कॅप्सेसिन मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होतं, बिया जिला चिकटलेल्या असतात त्या शिरेत. ती शीर आणि बाहेरची साल ही मूळ झाडाचीच असते. परागकण कुठूनही येवोत, त्यांचा परिणाम फक्त बियांच्या पोटात जातो. म्हणजे या हंगामातली तुमची मिरची तुमच्या झाडासारखीच होणार. पुढच्या वर्षी त्या बिया लावल्यात तर मात्र भेसळ दिसेल. तेव्हाही गंमत अशी की सिमला मिरचीत तिखटपणा घडवणारं एक जनुक निकामी असतं आणि तिखट मिरचीचं चालू जनुक त्याच्यावर मात करतं, त्यामुळे संकरातून उगवलेली पहिली पिढी बहुधा तिखटच निघते. बिया स्वतः तिखट नसतात हेही यातच आलं. शिरेला घासून घासून त्यांना तिखट लागतं, इतकंच. ठेचा कमी जाळ करायचा असेल तर बिया काढण्यात वेळ घालवू नका, शीर काढा.

झाड हा उद्योग करतं कशासाठी, हे कळलं की पुढचं सोपं जातं. सस्तन प्राणी बिया चावून चिरडतात. पक्षी त्या अख्ख्या गिळतात आणि लांब नेऊन टाकतात. कॅप्सेसिन आपल्याला झोंबतं, पक्ष्यांना झोंबत नाही. आमच्या लवंगीवरच्या पिकल्या मिरच्या बुलबुल रोज न्याहारीला नेतात, आणि मी त्यांना हाकलत नाही, कारण मिरचीने लाल रंग मुळात त्यांच्यासाठीच घेतलेला आहे. बोलिव्हियातल्या रानमिरच्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००८ साली आणखी एक गोष्ट दाखवली: किडे फळाला भोकं पाडतात, तिथून बुरशी आत शिरून बी नासवते, आणि तिखट फळांत ही बुरशी कमी वाढते. म्हणजे हे सगळं बी वाचवण्याचं हत्यार आहे.

आता वाण बरोबर असूनही मिरची सपक होत असेल तर ऊन आणि पाणी बघा. मला कुणाचीही बाल्कनी दाखवा, मी आधी कुंडीतल्या मातीत बोट घालते. बहुतेक ठिकाणी चिखल लागतो. सकाळी आजीनं पाणी घातलेलं असतं, संध्याकाळी सुनेनं, आणि रविवारी नातवानं झारी घेऊन सगळ्या कुंड्यांना आंघोळ घातलेली असते. झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी, मिरच्या टपोऱ्या आणि पाणचट. फळं लागेपर्यंत पाण्याची हयगय करू नका, पण मिरच्या भरायला लागल्या की हात आखडता घ्या. वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. दुपारी पानं किंचित मलूल दिसली आणि ऊन उतरल्यावर आपोआप सावरली, तर ताण बरोबर बसलाय. संध्याकाळीही मान खालीच असेल तर लगेच पाणी द्या. तेवढ्या ताणाने फुलं आणि कोवळी फळं गळतात. असा बेताचा ताण दिलेल्या मिरचीत कॅप्सेसिन वाढल्याचं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. सगळ्या वाणांत ते सारखं वाढत नाही, तरी माझ्या लवंगीच्या आणि ज्वालाच्या झाडांवर पाणी कमी केल्याचा फरक जिभेला स्पष्ट कळतो. पावसाळ्यात आमच्याकडे जी झड लागते त्यात हेच उलटं होतं. म्हणून त्या महिन्यांत कुंड्या पत्र्याच्या आडोशाला सरकवते.

ऊन किमान सहा तास हवं. उत्तरेकडच्या बाल्कनीत मिरची जगते, पण फुलत नाही. मात्र एप्रिलच्या शेवटी, पारा पस्तिशी ओलांडून वर गेला आणि रात्रीही उकडायला लागलं की फुलं गळतात. तेव्हा दुपारपुरती हिरवी जाळी बांधा आणि धीर धरा, वळवाचे दोन पाऊस पडले की झाड परत धरतं.

खताचंही पाण्यासारखंच. युरियाचा चमचा फार लवकर उचलला जातो. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं. मी बारा इंची कुंडीत दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू किंवा भाताचं तूस घेते, आणि फुलं आल्यावर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत. चुलीची राख मिळाली तर चिमूटभर. पालाशासाठी ती चांगली, पण जास्त झाली तर माती खारवते.

पानं चुरगळण्याबद्दल विचारणारेही खूप. गावाकडे याला चुरडा-मुरडा म्हणतात, बोकड्याही म्हणतात, आणि सगळे एकच औषध मागतात. आधी पान उलटून बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या आणि देठ लांबले असतील तर कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. दोन्हींवर सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो: पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडा साबण घालायचा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारायची. पण शेंड्याची पानं बारीक, पिवळट, गुच्छासारखी झाली आणि झाड खुंटलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. त्याला औषध नाही. ते झाड उपटून टाका, शेजारच्यांसाठी. हळहळ वाटते, तरी टाका. फुलकिड्यांना कमी लेखू नका. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र आणि तेलंगणातली मिरचीची शेतंच्या शेतं एका नव्या जातीच्या फुलकिड्यांनी बसवली होती.

आणि तोडायची घाई करू नका. फळ धरल्यापासून साधारण चाळीस ते पन्नास दिवसांत कॅप्सेसिन सर्वांत जास्त असतं, म्हणजे हिरवी मिरची गडद, टणक होऊन रंग पालटायला लागते त्या सुमाराला. तुम्ही पंधराव्या दिवशी कोवळी तोडता आणि म्हणता तिखट नाही. पहिल्या तोड्यावरून झाडाची परीक्षाही करू नका. दुसरा, तिसरा तोडा चाखा, मग बोला.

तरुण मंडळींना मात्र भूत जोलोकियाच लावायची असते. लावा, पण कशासाठी ते ठरवून. ही आसाम-नागालँडची मिरची. २००७ साली गिनीज बुकाने तिची नोंद जगातली सर्वांत तिखट म्हणून केली, १०,०१,३०४ स्कोव्हिल. (हे माप विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली काढलं: मिरचीचा अर्क साखरपाण्यात इतका पातळ करायचा की चाखणाऱ्यांना तिखट जाणवेनासं होईल. आता यंत्रावर मोजतात.) नंतर कॅरोलिना रीपर आली, २०२३ मध्ये पेपर एक्सने तिलाही मागे टाकलं. जोलोकियाचं बी उगवायला तीन-चार आठवडे लागू शकतात, म्हणून आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत उबदार जागी रोप करा, म्हणजे पावसाळ्याच्या दमट हवेत ती फळाला येते. नागालँडमध्ये तिची अर्धी फोड अख्ख्या कालवणाला पुरते आणि लोक ती मान राखून खातात. मोबाइलसमोर अख्खी चावून दाखवण्याचा प्रकार मला अजिबात पटत नाही. दवाखान्यात जायची वेळ येते आणि मिरचीची चवही कळत नाही. ती चव फार सुंदर आहे, फळांसारखा वास असलेली. तेलात मुरवून थेंबभर वरणावर घ्या.

तोडताना हातमोजे घाला, परतताना खिडक्या उघडा, लहान मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर कुंडी ठेवू नका. हात भगभगले तर आधी तेल चोळा, मग साबण. कॅप्सेसिन नुसत्या पाण्यात विरघळत नाही. तोंड भाजलं तर दूध, दही. आपल्या चेतातंतूंवर उष्णता ओळखणारा जो ग्राहक (रिसेप्टर) असतो त्यालाच कॅप्सेसिन चिकटतं, म्हणून खरोखर भाजल्यासारखं वाटतं. ही उकल करणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं.

बॉस्टनच्या पुतणीसाठी एवढंच: मिरची एका हंगामाची नाही, जपलं तर दोन-तीन वर्षं चालते. थंडी पडायच्या आधी झाड वीतभर ठेवून छाट, घरात उजेडाच्या खिडकीशी ठेव, पाणी अगदी थोडं. उन्हाळ्यात ते नव्या रोपाच्या आधी फुलेल.

पुढच्या वर्षाचं बी स्वतःचं हवं असेल तर चांगल्या झाडाची एखादी फांदी कळ्या असतानाच विरळ मलमलीच्या पिशवीत बांधा, फांदी अधूनमधून हलवा, फळ धरलं की पिशवी काढून तिथे दोरा बांधा, आणि ती मिरची झाडावरच लालभडक होऊ द्या. बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायचं, वर वाणाचं नाव आणि वर्ष. आमच्याकडे अशा लवंगीच्या पुड्या तयार आहेत. कोल्हापुरात असाल तर येऊन घेऊन जा. आत्ता पेरलंत तर रोपं महिना-सव्वा महिन्यात कुंडीत लावण्याजोगी होतील.