स्वस्तातला टॅब अभ्यासाला लावताना

एमपीएससीचा अभ्यास म्हणजे निम्मा पीडीएफचा ढीग. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, एनसीईआरटीचीही मिळतात, पण मोबाइलवर ती वाचायची म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. म्हणून मी आठ इंची टॅब घेतला, दुकानातला जवळजवळ सगळ्यात स्वस्त: ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागा.

त्या ३२ जीबीतली बरीच जागा अँड्रॉइडनेच अडवलेली असते. त्यामुळे पहिला खर्च मेमरी कार्डाचा. १२८ जीबीचं कार्ड घेतलं आणि कार्डावर ‘ए१’ छापलंय ना, ते आधी पाहिलं, कारण लहान लहान फाइली भराभर उघडण्याचा किमान वेग त्या खुणेत ठरलेला असतो. बाजारात खोटी कार्डंही असतात. ती आकडा मोठा दाखवतात, पण खरी जागा संपली की पुढचा मजकूर गायब होतो. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवलं. ते अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, पण वर्षभराच्या नोट्स ठेवायच्या असतील तर ही तपासणी करायलाच हवी.

मग उभं राहणारं कव्हर आणि मॅट स्क्रीनगार्ड. सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर आहे, चकचकीत काचेवर पानापेक्षा तीच जास्त दिसायची. मॅटमुळे अक्षरं किंचित रवाळ होतात, तेवढं मला चालतं.

खरा फरक पडला तो ‘केओरीडर’ या वाचायच्या अॅपने. हे अॅप फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि एफ-ड्रॉइड या मुक्त अॅप्सच्या भांडारात मिळतं. पाठ्यपुस्तकाचं पान आठ इंचांत मावलं तरी अक्षर बारीक होतं. हे अॅप चारही बाजूंचा कोरा समास आपोआप कापतं, त्यामुळे तेच पान लगेच मोठं दिसतं. दोन रकान्यांचं पान असेल तर ओळी पडद्याच्या रुंदीला नव्याने जुळवूनही देतं. स्कॅन केलेल्या पानावरसुद्धा हे चालतं, कारण ते पानाचं चित्रच कापून मांडतं, जोडाक्षरं मोडत नाहीत.

एक अडचण मात्र वाचायच्या अॅपने सुटत नाही. मराठीतल्या पुष्कळ जुन्या पीडीएफ युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या फाँटमध्ये बनवलेल्या आहेत. डोळ्यांना ‘पंचायत राज’ स्वच्छ दिसतं, शोधायला गेलं की काहीच सापडत नाही, आणि मजकूर कॉपी केला तर रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. यावर मी बुकमार्कांना मराठीत नावं द्यायला लागले: ‘७३वी घटनादुरुस्ती’, ‘वसंतराव नाईक समिती’. उजळणीच्या वेळी ती यादीच माझी सूची होते. इतक्या मेहनतीने तयार झालेली मराठी पुस्तकं शोधता येऊ नयेत, याचं मला फार वाईट वाटतं.

‘किविक्स’ हे अॅपही टाका. त्यात मराठी विकिपीडिया उतरवून ठेवला की नेट नसताना उघडतो. गावी जाताना घाटात रेंज गेली तरी माझं वाचन थांबत नाही.

रॅम कमी असल्यामुळे न लागणारी अॅप्स बंद करून टाकली. शिवाय सेटिंग्जमधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात, तिथे अॅनिमेशनचं स्केल ०.५ केलं, म्हणजे अॅनिमेशन निम्म्या वेळात संपतं. प्रोसेसर काही बदलत नाही, पण हाताला टॅब चपळ लागतो.

टॅबवर लिहायचा पेन घेऊ नका असंच मी सांगेन. या किमतीच्या टॅबला चालणारे साधे पेन म्हणजे बोटाऐवजी रबराचं टोक. तळवा टेकला की रेघ उमटते. तसंही २०२५पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे हाताला कागदाचीच सवय हवी. त्या पैशांत मी फुलस्केप वह्या आणल्या. डावीकडे टॅब उभा, उजवीकडे वही, आणि लिहिलेल्या उत्तरांचे फोटो त्याच कार्डात विषयवार.