संध्याकाळी काळा पडलेला बर्फ

मे महिन्यात हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमधील चंद्रा नदीच्या खोऱ्याचा हिमाच्छादनाचा नकाशा उपग्रह प्रतिमांवरून करण्याचे काम माझ्याकडे होते. बर्फ दृश्य प्रकाश भरपूर परावर्तित करतो, पण १.६ मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण बहुतांशी शोषून घेतो. या फरकावरून काढलेला निर्देशांक ०.४ च्या वर गेला, की ती जागा सामान्यतः बर्फाची धरतात. ढग मात्र ते किरण परत पाठवतात, म्हणून ढग आणि बर्फ वेगळे ओळखता येतात. तरीही ढगाखालचे काही दिसत नाही, आणि त्या आठवड्यात सगळे खोरे ढगांनी झाकलेले होते.

रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात, म्हणून मी सेंटिनेल-१ उपग्रहाची संध्याकाळची रडार प्रतिमा उघडली. जानेवारीत उजळ दिसलेले उंचावरचे उतार त्यात काळे पडले होते. "मॅडम, इथला बर्फ संपला का?" शेजारच्या सहकाऱ्याने विचारले, आणि क्षणभर मलाही तसेच वाटले. पण कोरडा बर्फ या रडारच्या सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरींना जवळजवळ पारदर्शक असतो. जानेवारीतली उजळी मुख्यतः त्याखालच्या जमिनीवरून परतलेल्या लहरींची होती. बर्फ नुसता निघून गेला असता, तर उतार इतके काळे पडलेच नसते. बर्फ जागेवरच होता. त्यात पाणी सुटले होते आणि ते पाणी लहरी गिळत होते.

ओल्या बर्फाचा नकाशा करण्यासाठी मी हिवाळ्यातली प्रतिमा वजा केली आणि परतणाऱ्या लहरींच्या ताकदीत ३ डेसिबल किंवा त्याहून जास्त, म्हणजे सुमारे निम्मी किंवा अधिक, घट झालेल्या जागा वेगळ्या काढल्या. पहिला नकाशा विचित्र आला: प्रत्येक डोंगराची एकच बाजू ओली, मग उंची कितीही असो. बर्फ असा वितळत नाही. तासाभराने उलगडा झाला, की वजा केलेली प्रतिमा सकाळच्या कक्षेतली होती आणि त्या कक्षेतून उपग्रह डोंगराकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. चूक माझीच होती. त्याच कक्षेतली प्रतिमा घेतल्यावर ओल्या बर्फाची सीमा उंचीनुसार सरळ लागली.

दोन दिवसांनंतरच्या सकाळच्या प्रतिमेत वरचे उतार पुन्हा उजळले होते, कारण रात्रीच्या थंडीत बर्फाचा वरचा थर गोठला होता. खालचा पट्टा मात्र सकाळीही काळाच राहिला. तांदीला भागा नदीला मिळून पुढे चिनाब होणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधणाऱ्यांसाठी तोच पट्टा आधी पाहण्यासारखा होता. मी तो नकाशात गडद रंगाने दाखवला आणि तारखेशेजारी उपग्रह वरून गेल्याची वेळही लिहिली.