मधेच थांबलेलं विभाजन

“दर महिन्याला नवं स्त्रीबीज तयार होतं” असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजं तयार होतात: गर्भ 20 आठवड्यांचा असताना 60-70 लाख, जन्मावेळी 10-20 लाख, पाळी सुरू होताना 3-4 लाख. बाकीची विरून जातात.

उरलेली प्रत्येक बीजपेशी अर्धसूत्री विभाजन (दोन वाटण्यांत गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन) सुरू करून थबकलेली असते, काही तर चाळीस वर्षं. तेवढा काळ गुणसूत्रं प्रथिनांच्या कड्यांनी बांधलेली राहतात. वयानुसार या कड्या ढिल्या पडतात आणि गुणसूत्रांची वाटणी चुकते. वाढत्या वयातल्या गर्भपातांमागचं हे मोठं कारण.

जागी झालेली बीजपेशी सुमारे 0.03 मिमीवरून 0.1 मिमीपर्यंत वाढते. भोवतालच्या पेशी तिच्या पारदर्शक आवरणातून बारीक धागे आत घालून तिला पोसतात. फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढतं ती द्रवाने भरलेली पिशवी, साधारण 18-20 मिमीचं झालं की एलएच हे संप्रेरक उसळतं. उसळी सुरू झाल्यापासून सुमारे 36 तासांनी बीज बाहेर पडतं. (सोनोग्राफीत मोजतात ते फॉलिकल, बीज नव्हे. मोठं फॉलिकल म्हणजे चांगलं बीज, असंही नाही.) बीज बाहेर पडण्याआधी पहिली वाटणी उरकते, तीही असमान: निम्मी गुणसूत्रं एका चिमुकल्या पेशीत टाकली जातात, पेशीद्रव मात्र जवळपास सगळं बीजाकडेच राहतं. दुसरी वाटणी पुन्हा अडते. शुक्राणू आत शिरला तरच ती पूर्ण होते.