घड्याळ एक तास मागे गेलं, त्यावर लिहिलेला लेख

पुण्याहून, नाशिकहून, अगदी लातूरहूनही मला मेसेज येतात. मजकूर ठरलेला: "ताई, तुमच्या कंपनीत रेफरल मिळेल का?" सोबत दोन पानी सीव्ही. जावा, स्प्रिंग बूट, डॉकर अशी प्रोग्रॅमिंगची साधनं, आणि 'टीम प्लेअर'. मी तो एचआरकडे सरकवते, पण सोबत चार ओळी लिहायच्या म्हटलं तर माझ्याकडे काहीच नसतं. हा मुलगा अडला की काय करतो, हे त्या दोन पानांत कुठेच सापडत नाही.

ते सापडेल अशी एकच जागा मला माहीत आहे. त्याने आपल्या कामावर कुणालाही वाचता येईल असं काही लिहिलेलं असलं, तर तिथे.

आपल्याकडे माणूस मुलाखतीला जायच्या आधीच त्याच्याबद्दल बरंच काही बोललं गेलेलं असतं. कॉलेजचं नाव, आधीच्या कंपनीतला सीनियर, कुणाचा तरी मामेभाऊ. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजची म्हटलं की हिंजवडीत समोरच्याला थोडाफार अंदाज येतो. मी राहते नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलवेनला. इथे बसस्टॉपवरही मराठी कानावर पडतं, पण ॲमस्टरडॅममधल्या मुलाखतीत कराड कुणाला माहीत असायचं कारण नाही. शिवाय उच्चकुशल कामगाराच्या परवान्यावर आलेल्याची नोकरी गेली, तर मान्यताप्राप्त दुसरी कंपनी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. ओळखी वाढवायला तेव्हा बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

मग लिहायचं काय? मी कशावर लिहिलं ते सांगते.

भारतात घड्याळ वर्षभर एकाच चालीने चालतं, त्यामुळे हा प्रकार तिथे कधी अंगावर आला नव्हता. नेदरलँड्समध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे थेट तीन वाजतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनचे पुन्हा दोन होतात. म्हणजे मार्चमधल्या त्या रात्री अडीच वाजतच नाहीत आणि ऑक्टोबरमधल्या रात्री दोनदा वाजतात. आमच्या एका ग्राहकाच्या गोदामातल्या साठ्याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम रोज रात्री अडीचला चालायचा. ऑक्टोबरात तो दोनदा चालला आणि सोमवारी सकाळी आदल्या दिवशीच्या ऑर्डरी दुप्पट दिसायला लागल्या.

यावर कुठल्याही पुस्तकात मिळणारं उत्तर म्हणजे 'सगळं यूटीसीत ठेवा', म्हणजे उन्हाळा-हिवाळ्यात न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत. पण गोदामातली माणसं सकाळी सहाला त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाने येतात. यूटीसी धरून चाललो, तर उन्हाळाभर त्यांचा अहवाल तासभर उशिरा तयार होणार. शेवटी आम्ही वेळ स्थानिकच ठेवली, फक्त ती दोन ते तीनच्या बाहेर काढली. आणि प्रोग्रॅम असा बदलला की एकाच तारखेसाठी तो कितीही वेळा चालला तरी आकडा तोच राहावा. हे सगळं मी लिहून काढलं: काय बिघडलं, पहिल्यांदा काय सुचलं, ते का सोडून दिलं, आणि या उपायातही अजून काय लंगडं आहे.

वाचणारे मोजकेच. पण पुढे नोकरी बदलताना मुलाखत घेणाऱ्याने तो लेख आधीच वाचून ठेवला होता. त्याला यूटीसी सोडलेलं पटलं नव्हतं आणि त्याने ते तोंडावर सांगितलं. डच माणूस 'मला पटत नाही' म्हणायला जराही कचरत नाही, आणि त्यात अपमान वाटून घ्यायचा नसतो हे इथे लवकर शिकावं लागतं. पाठ केलेली प्रश्नोत्तरं बाजूला राहिली आणि आम्ही दोघं बराच वेळ घड्याळांवर वाद घालत बसलो. वाद माझ्या मैदानावर चालला होता, हा खरा फायदा.

याची मोठी उदाहरणंही आहेत. पॅट्रिक मॅकेन्झी हा अमेरिकन तरुण जपानमधल्या गिफू प्रांतातल्या ओगाकी या लहानशा शहरात नोकरी करत होता. 2006 मध्ये त्याने फावल्या वेळात शिक्षकांसाठी बिंगोची कार्डं छापून देणारं छोटंसं सॉफ्टवेअर विकायला काढलं. विषय असा की चारचौघांत सांगायलाही संकोच वाटावा. पण तो विक्री, जाहिराती, फसलेले प्रयोग, सगळं आकड्यांसकट लिहीत गेला. त्या लिखाणातून लोक त्याला ओळखू लागले, सल्ल्याची कामं आली, आणि 2016 मध्ये तो स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीत गेला.

दुसरं उदाहरण इथलंच. गेर्गेय ओरोस हा मूळचा हंगेरीचा, उबरच्या ॲमस्टरडॅम ऑफिसात इंजिनिअरिंग मॅनेजर होता. 2021 मध्ये त्याने नेदरलँड्समधल्या सॉफ्टवेअरच्या पगारांवर लेख लिहिला. एकाच पदाचे पगार तीन थरांत विभागले जातात, कारण काही कंपन्या फक्त आसपासच्या कंपन्यांशी तुलना करून पगार ठरवतात, काही स्थानिक बाजारात वरचढ राहायला बघतात, आणि काहींची स्पर्धा थेट जगभरच्या कंपन्यांशी असते. माझ्या ओळखीतल्या कित्येक मराठी मंडळींनी पगाराची बोलणी करण्याआधी हा लेख वाचला होता. त्याच वर्षी त्याने न्यूजलेटर सुरू केलं आणि आता लिहिणं हाच त्याचा पूर्णवेळ व्यवसाय आहे.

तुम्हाला नोकरी सोडून लेखक व्हायचं नाही, मलाही नाही. या दोघांकडून घ्यायचं ते एवढंच की त्यांनी आकडे लपवले नाहीत आणि विषय स्वतःच्या टेबलावरचा घेतला.

आपली मुलं नेमकी याच्या उलट जातात. 'डॉकर म्हणजे काय' यावर हजारो लेख पडलेले असताना आणखी एक लिहितात, तोही आता एआयकडून लिहून घेतलेला असतो आणि तिसऱ्या ओळीत कळतो. नाहीतर लिंक्डइनवर 'कळवण्यास अत्यंत आनंद होतो' छापाची प्रमाणपत्रं. त्यापेक्षा तुमच्या टीममधली एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणारी आज्ञा, चाळीस सेकंद का घेत होती आणि ती दोन सेकंदांवर कशी आली, हे साध्या इंग्रजीत लिहा. व्याकरणाची भीती नको. इथल्या निम्म्या ऑफिसची मातृभाषा इंग्रजी नाही.

लिहिलेलं असलं की बोलायचीही सोय होते. ब्रसेल्सला दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास 'फॉसडेम' नावाचं मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरतं. प्रवेश फुकट, नावनोंदणीही लागत नाही. ॲमस्टरडॅमहून ट्रेनने दोन-तीन तासांचा रस्ता. तिथे बोलायचं असेल तर आधी विषयाचा गोषवारा पाठवावा लागतो, आणि लेख तयार असेल तर तो गोषवारा संध्याकाळभरात होतो. कोऱ्या पानावरून सुरुवात करणारा तारीख उलटून जाईपर्यंत शीर्षकच ठरवत बसतो.

आता कराराचं. नेदरलँड्समध्ये ऑगस्ट 2022 पासून मालकाला सबळ कारण दिल्याशिवाय कामाबाहेरचं दुसरं काम करायला बंदी घालता येत नाही. पण म्हणून गुप्ततेचं कलम सुटत नाही. ग्राहकाचं नाव, स्क्रीनशॉट, कंपनीचा कोड, यांतलं काहीही परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये. भारतातल्या करारांत तर हे कलम अनेकदा फारच मोघम असतं, तेव्हा आधी विचारा, आणि तेही ईमेलवर. मी प्रत्येक मसुदा टीम-लीडला दाखवते. घड्याळाच्या लेखातून त्याने काढायला लावलं ते फक्त गोदामाच्या गावाचं नाव. आकडे, चूक, वाद, सगळं राहू दिलं, आणि वर एका परिच्छेदात स्वतःची दुरुस्तीही सुचवली.