हॅश फंक्शनचा वेग, आता मराठी शब्दांवर

हॅश फंक्शन म्हणजे कुठल्याही मजकुरापासून ठराविक लांबीचा एक आकडा काढणारा कोड. मोठ्या फायलींवर अशा फंक्शनांचा वेग मोजून झाला, आता खरी गंमत छोट्या कीजची, म्हणजे टेबलात शोधायच्या शब्दांची. माझा हॅश टेबल आहे मराठी शब्दांचा (हॅशवरून शब्द कुठल्या कप्प्यात, म्हणजे बकेटमध्ये, जाणार ते ठरतं), आणि तिथे जीबी पर सेकंदवाले आकडे फारसे कामाला येत नाहीत.

तरी त्या आकड्यांतला एक मला फार आवडतो. एक्सएक्सहॅश या हॅश लायब्ररीच्या रीडमीत इंटेलच्या आय७-९७००के सीपीयूवर तिच्या एक्सएक्सएच३ फंक्शनला ३१.५ जीबी पर सेकंद दिलेत आणि एफएनव्ही या साध्या हॅशच्या ६४ बिट रूपाला फक्त १.२. हे १.२ येतात कुठून? एफएनव्ही-१ए हा त्याचा प्रकार एकेक बाइट घेतो, एक्सऑर करतो (बिटाला बिट ताडून वेगळे असतील तिथे १) मग गुणतो, आणि पुढचा बाइट आधीच्या गुणाकाराचं उत्तर येईपर्यंत ताटकळत बसतो. गुणाकाराच्या ३ सायकल (सीपीयूच्या घड्याळाचे ठोके), एक्सऑरची १, म्हणजे बाइटमागे ४. त्या सीपीयूचा टर्बो, म्हणजे कमाल वेग, ४.९ गिगाहर्ट्झ, भागिले ४, झाले की १.२! कागदावर मांडलेलं गणित मोजमापाशी इतकं जुळतं तेव्हा जाम भारी वाटतं.

आता आपली देवनागरी. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त, सगळ्याचे ३-३ बाइट. 'घर' ६ बाइट, 'मराठी' १५, 'महाराष्ट्र' थेट ३०. म्हणजे एका 'महाराष्ट्र'साठी एफएनव्हीच्या १२० सायकल गेल्या, आणि त्यातले दोन तृतीयांश बाइट तर प्रत्येक शब्दात जवळपास तेच ते, हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ई० ए४ नाहीतर ई० ए५.

वायहॅश या दुसऱ्या हॅश फंक्शनचं इथे मस्त जमतं. ४ ते १६ बाइटपर्यंतच्या सगळ्या लांब्या एकाच वाटेने जातात, एकमेकांवर चढणारे रीड करून, लूपच नाही. 'घर', 'पाऊस', 'मराठी' तिन्ही त्यात बसतात. शब्दांचा क्रम पिसून टाकला की फरक अजून ठळक दिसतो, कारण एफएनव्हीचा लूप कधी संपणार हे ब्रँच प्रेडिक्टरला (कोड पुढे कुठे वळेल याचा अंदाज बांधणारा सीपीयूचा भाग) ओळखता येत नाही आणि प्रत्येक चुकीला पंधरा-वीस सायकल जातात. म्हणून ज्यांना मोजायचंय त्यांनी एकाच लांबीच्या कीज ओळीने देऊ नका, आणि आलेला हॅश पुढच्या कॉलच्या सीडमध्ये (सुरुवातीच्या आकड्यात) घाला, म्हणजे लेटन्सी, एका हॅशला लागणारा वेळ, खरी कळते आणि कंपायलर अख्खा लूप उडवून पण टाकत नाही.

पण नुसता वेग बघून भागत नाही. डीजेबी२ हे जुनं साधं हॅश फंक्शन घ्या, ५३८१ पासून सुरुवात, दरवेळी ३३ ने गुणा आणि बाइट मिळवा. ३३ म्हणजे ३२ अधिक १, त्यामुळे खालच्या ५ बिटांपुरता तो गुणाकार काहीच करत नाही, उरते निव्वळ बेरीज. ३२ बकेटचा टेबल धरा आणि 'वन' टाकून बघा: ३२ ने भागून ५३८१ चे उरतात ५, ई० चे शून्य, ए४ चे ४, 'व'च्या शेवटच्या बाइटचे २१, परत ए४ चे ४, 'न'चे ८. बेरीज ४२, त्यातून ३२ गेले, बकेट १०. 'नव' टाकला तरी १०च. तीच अक्षरं उलटसुलट केली की शब्द कायम एकाच बकेटमध्ये! एफएनव्ही-१ए चा सगळ्यात खालचा बिटही असाच, गुणक विषम असल्यामुळे तो म्हणजे सुरुवातीच्या आकड्याच्या आणि बाइटांच्या खालच्या बिटांचा एक्सऑर, बाकी काही नाही. म्हणून टेबलचा साइज दोनाच्या घातात असेल, म्हणजे बकेट हॅशच्या खालच्या बिटांवरूनच ठरत असेल, तर वरचे बिट खाली एक्सऑर करून घ्याच.

सध्या माझ्या टेबलात वायहॅश बसवलंय आणि शब्दयादी माझीच आहे तोवर ते पुरतं. बाहेरून कोणीही कीज पाठवणार असेल तर मात्र मी सिपहॅश हे हॅश फंक्शनच घेईन, २०११ च्या शेवटी हॅश फ्लडिंगचा (मुद्दाम एकाच बकेटमध्ये पडणाऱ्या कीज पाठवून टेबल ठप्प करायचा) प्रश्न चव्हाट्यावर आला आणि २०१२ मध्ये ते आलं ते त्यासाठीच. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या हॅशमॅपमध्ये (तिच्या हॅश टेबलात) डीफॉल्ट सिपहॅश-१-३ आहे, पुढच्या फेरीत याच शब्दांवर तेच लावून बघणारे.